फोटोतले काळे कुंकू

श्रोतेहो, साक्रीकडच्या एखाद्या जुन्या घरात भिंतीवर आजीच्या लग्नाचा फोटो असतो. त्यात तिचे कुंकू काळे, लुगडेही काळेच. आता सांगा, लग्नात काळे लुगडे कोण नेसेल? तेव्हाच्या बहुतेक काचा न्‌ फिल्मा लाल रंगाला आंधळ्या होत्या. लाल ते काळे उमटे, निळे पांढुरके. म्हणून वेष ठरविणाऱ्याला नुसत्या आपल्या डोळ्यांवर विसंबून भागत नसे. कॅमेऱ्यामागच्या माणसाला विचारावे लागे.

दादासाहेब फाळके मुळात फोटोग्राफर. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढताना दिग्दर्शनापासून रंगभूषेपर्यंत सारे त्यांनी स्वतः पाहिले. कॅमेरा मात्र त्र्यंबक तेलंगांच्या हाती दिला, तोही शिकवून. तारामती झाले अण्णा साळुंके, मुंबईत ग्रँट रोडवरच्या एका हॉटेलातले आचारी! बायका कामाला मिळेनात ना. पदर कितीही ठाकठीक बसवा, उजेड चुकला की हनुवटीवरचा पुरुष उघडा पडायचा. दोष नेसविणाऱ्याचा की टिपणाऱ्याचा? पडद्यापुढच्या माणसाला त्याचे काय! १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर हेच साळुंके राम झाले आणि सीताही.

गुरुजी, मुलांना घरचा तो फोटो घेऊन म्हातारीकडे पाठवा. लुगड्याचा रंग तिलाच विचारू द्या.