पानिपत झालं त्या दिवशी संक्रांत नव्हती

१४ जानेवारी म्हटलं की आपल्याला तिळगूळ आठवतो आणि पानिपतही. १७६१ साली याच तारखेला पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला, घरोघरची माणसं गेली. ‘संक्रांतीच्या दिवशीच झालं ते, म्हणून तर संक्रांत कोसळली म्हणतात,’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. आज त्याचा हिशोब करू. गटात आपण दर महिन्याला व्याजाचा हिशोब करतो, त्यापेक्षा हा सोपा आहे.

आधी सूर्याचं बघू. संक्रांतीपासून उत्तरायण लागतं आणि दिवस तिळातिळानं मोठा होतो, असं आपण म्हणतो. खरं तर सूर्य उत्तरेकडे वळतो तो २२ डिसेंबरच्या सुमारास. सर्वांत लहान दिवस तोच. यासाठी कुणावर विश्वास ठेवायला नको. अंगणात मीटरभर लांबीची काठी सरळ रोवा. २२ डिसेंबरला भर दुपारी तिची सावली सर्वांत आखूड होईल तिथं खूण करा. मग संक्रांतीला तसंच करा. सावली तीन-चार बोटं कमी भरेल. म्हणजे सूर्य तीन आठवड्यांपूर्वीच वळलेला असतो.

मग आपण संक्रांत एवढी उशिरा का करतो? साधारण सतराशे वर्षांपूर्वी सूर्याचं वळणं आणि त्याचं मकर राशीत जाणं एकाच वेळी होत होतं. पण आपली पृथ्वी फिरताना भोवऱ्यासारखी डुलते. भोवरा मंदावला की त्याचं डोकं कसं गोल गोल फिरतं, तसंच. पृथ्वीचा असा एक फेरा पुरा व्हायला जवळजवळ २६,००० वर्षं लागतात. या डुलण्यामुळे ऋतू आणि तारे यांची जोडी हळूहळू सुटत जाते. इंग्रजी तारीख ऋतूंना धरून चालते आणि आपली संक्रांत ताऱ्यांना धरून. म्हणून साधारण ७० वर्षांत संक्रांत एका तारखेनं पुढे सरकते. २०२४ साली ती १५ जानेवारीला होती, ते तुमच्यातल्या पुष्कळ जणींना आठवत असेल. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ सालच्या संक्रांतीचा, आणि त्यांची जयंती आपण १२ जानेवारीला करतो, जिजाऊंच्या जयंतीदिवशीच. म्हणजे तेव्हा संक्रांत १२ तारखेला होती.

आता याच हिशोबानं आणखी शंभर वर्षं मागे जा. १७६१ साली संक्रांत येते १० जानेवारीच्या आसपास. लढाई झाली १४ तारखेला, बुधवारी, पौष शुद्ध अष्टमीला. तोवर संक्रांत होऊन चार दिवस उलटले होते. पानिपतावर संक्रांत कोसळली नव्हती, ती तारीख पुढे कधीतरी संक्रांतीला येऊन मिळाली आणि आपण दोन्हीची गाठ मारली.

मग कोसळलं काय? भूक. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दाली बागपतजवळ यमुना ओलांडून आला आणि मराठ्यांची दक्षिणेकडची वाट तुटली. नोव्हेंबरपासून दोन्ही फौजा समोरासमोर अडून बसल्या. रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. छावणीत लढणाऱ्यांबरोबर बायका, मुलं, कारागीर, यात्रेकरू असे कितीतरी लोक होते. खाणारी तोंडं अनेक आणि दाणा संपलेला. दुष्काळात चारा संपल्यावर दावणीला काय होतं ते आपल्याला सांगायला नको. शेवटी उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून लोक बाहेर पडले. काशीराज नावाचा कारकून पलीकडच्या बाजूला, शुजाउद्दौल्याच्या पदरी होता. त्यानं लिहून ठेवलंय, की मराठे हातातोंडाला हळद माखून आले होते, मरायलाच निघाल्याची ती खूण.

सूर्याचा संबंध लावायचाच असेल तर तो असा. पानिपत आपल्यापेक्षा बरंच उत्तरेला. जानेवारीत तिथं भर दुपारीही सूर्य आभाळात निम्म्या उंचीपर्यंत चढत नाही, दक्षिणेकडेच खाली राहतो. मराठ्यांची तोंडं दक्षिणेकडे. ऊन डोळ्यांवर, पोट रिकामं, घोडी खंगलेली. यात रास कुठली नि वाहन कुठलं? पंचांगातली संक्रांत अमक्या वाहनावर बसून तमक्या रंगाचं वस्त्र नेसून येते, म्हणून त्या रंगाची साडी नेसू नका, असे निरोप आता मोबाइलवर फिरतात. मला तरी त्यात भीती विकण्यापलीकडे काही दिसत नाही.

लढाईनंतर हाती लागलेल्या बायका-मुलांना गुलाम करून नेलं. नानासाहेब पेशवे त्याच वर्षी जूनमध्ये पुण्यात पर्वतीवर गेले. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई स्वतः पानिपतावर होत्या. त्या वाचल्या, पुण्याला परतल्या. भाऊ गेले हे त्यांनी शेवटपर्यंत मानलं नाही, विधवेचा वेश घेतला नाही. पुढे ‘मीच भाऊ’ म्हणणारा एक तोतयाही उभा राहिला. त्याला १७७६ साली देहदंड झाला, तरी बाईंनी कुंकू पुसलं नाही. त्या पेशव्यांच्या घरातल्या, म्हणून त्यांचं चाललं. पण गावोगावच्या शिपायांच्या, बारगिरांच्या, मोतद्दारांच्या बायका? नवरा मेला की हरवला, याची बातमीसुद्धा कित्येकींना मिळाली नसेल. त्यांच्या कपाळाचं काय करायचं ते कुणी ठरवलं असेल, याचा अंदाज आपल्याला आहे.

कारण आजही ते तसंच ठरतं. गटात कर्जफेडीला सर्वांत पुढे असणारी बाई, हळदीकुंकवाच्या दिवशी मात्र स्वतःहून घरी बसते. तिला कुणी ‘येऊ नको’ म्हणत नाही, फक्त बोलावत नाही. तिची सावली नको, म्हणे. सावलीचं गणित तर आपण आत्ताच केलं.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. आपल्या ग्रामसभेत असा ठराव झालाय का, ते विचारा. झाला असेल तर तो कागदावरच आहे का, हे विचारायला तर ग्रामसभाही लागत नाही.

हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, तेव्हा अजून वेळ आहे. वाणाला सुगडं, डबे, पिशव्या, जे काही आणणार असाल त्याची संख्या काढताना वेगळी यादी करत बसू नका. गटाची हजेरीवही उघडा. तिच्यात सगळ्यांची नावं एकाखाली एक लिहिलेली आहेत.