सावली दिसते, नाव दिसत नाही: स्तनाच्या एक्स-रेची गोष्ट

हिवरे बाजारात बोलायचं म्हणजे पाण्यावर बोलायचं, अशी पद्धतच पडून गेली आहे. आम्ही आज वेगळा विषय घेतला आहे. स्तनाच्या तपासणीत कर्करोगासारखं दिसतं, पण कर्करोग नसतो, अशा गोष्टींचा इतिहास. मात्र यातही पाणी येणारच आहे.

सुरुवात बर्लिनपासून करू. १९१३ साली अल्बर्ट सॉलोमन या शल्यविशारदाने शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे ३,००० स्तनांचे एक्स-रे अभ्यासले. गाठीची कड कशी दिसते, चुन्याचे बारीक कण कुठे दिसतात, हे त्याने टिपलं. लक्षात घ्या, हे सगळे स्तन आधीच काढलेले होते. निदान व्हायचं ते बोटांनी, आणि त्यानंतर सुरीने. पुढे उरुग्वेच्या राऊल लेबोर्न यांनी १९५० च्या आसपास कर्करोगातले कण आणि साधे कण यांतला फरक मांडला. १९६० मध्ये ह्यूस्टनच्या रॉबर्ट ईगन यांनी स्पष्ट फिल्म मिळवण्याची पद्धत दिली. मग मॅमोग्राफी पसरली.

पण चित्र स्पष्ट झालं म्हणून अर्थ स्पष्ट होतोच असं नाही. सावली दिसते, तिचं नाव दिसत नाही.

पहिलं उदाहरण मार लागल्याचं. १९२० साली न्यूयॉर्कच्या ली आणि अडेर या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की मार लागून स्तनातली चरबी मरते आणि तिथे कडक गाठ होते. कधी वरची कातडीही आत ओढली जाते. फिल्मवर काटेरी कडेची सावली येते, अगदी कर्करोगासारखी. आपल्याकडे गाईची ढुशी, गाडीवरून पडणं, असं काहीही कारण असू शकतं. बाई तो मार विसरूनही गेलेली असते.

दुसरं उदाहरण आपल्या देशाच्या फार जवळचं, क्षयाचं. स्तनाच्या क्षयाचं वर्णन इंग्लंडच्या ॲस्टली कूपर यांनी १८२९ मध्येच केलं होतं. क्षयाचा जंतू कॉखने शोधला तो १८८२ मध्ये, म्हणजे त्यानंतर पन्नासेक वर्षांनी. गाठ, काखेतल्या सुजलेल्या ग्रंथी, आत ओढलेलं बोंड, सगळं कर्करोगासारखंच. एकीला शस्त्रक्रिया लागते आणि दुसरीला काही महिने गोळ्या, एवढा हा फरक आहे. बाळंतपणानंतरच्या काही वर्षांत तरुण बायकांना होणारी एक दाहाची गाठही अशीच फसवते. तिची वेगळी नोंद १९७२ मध्ये झाली.

आता पाणी. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरायचे दिवस इथल्या जुन्या माणसांना आठवत असतील. त्या पाण्यातल्या बारीक किड्यांतून नारू पोटात जायचा. वर्षभराने हातभर लांब जंत बहुधा पायातून बाहेर यायचा. काही जंत मात्र आतच मरायचे आणि त्यांच्यावर चुना साचायचा. कधी ते स्तनात असायचे. एक्स-रेवर वेटोळ्या दोऱ्यासारखी पांढरी रेघ उमटते. ओळखणाऱ्याला ती लगेच ओळखू येते. नारू कधी न पाहिलेला डॉक्टर तुटक रेघ पाहून गोंधळू शकतो. महाराष्ट्रात नारू होता. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. रोग गेला, पण त्याची खूण काही शरीरांत राहिली.

या गोंधळावर उपाय म्हणून अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांनी १९९३ मध्ये अहवालाची एक ठरावीक भाषा प्रसिद्ध केली, तिला बायरॅड्स म्हणतात. रिपोर्टवरचा ३ हा आकडा म्हणजे 'बहुधा साधं', कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांहून जास्त नाही. थोड्या महिन्यांनी पुन्हा बघा. ४ किंवा ५ आला तर सुईने नमुना घ्यायचा. ५ आला म्हणजेसुद्धा निकाल लागला असं नाही, निकाल नमुना देतो.

इथे उलट चूकही होते. 'मार लागला होता, त्याचीच गाठ असेल' असं म्हणून बाई घरी बसते. मार लागल्यामुळे हात तिथे जातो आणि आधीपासूनची गाठ सापडते, असंही होतं. साधं आहे हे आपण घरी ठरवायचं नाही. हाताने तपासणी, चित्र आणि नमुना, तिन्ही जुळले की मगच ठरवायचं.

ही पहिली पायरी, हाताची तपासणी, फार महागडी नाही. मुंबईत १९९८ पासून सुमारे दीड लाख बायकांवर टाटा रुग्णालयाच्या लोकांनी अभ्यास केला. शिकवलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडू लागला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत त्याचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. एकूण सगळ्या वयांचा हिशेब धरला तर घट १५ टक्के दिसली, पण ती योगायोगाची नाही असं ठामपणे म्हणता आलं नाही. तेही सांगितलं पाहिजे.

या गावाने लग्नाआधी एचआयव्हीची तपासणी सक्तीची केली. पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद मांडून मग पीक ठरवायचं, हेही इथलंच. आधी मोजायचं आणि मग ठरवायचं, ही सवय गावाला आहे. स्तनातल्या गाठीलाही तीच लावा. घाबरून स्तन गमवायचा नाही, आणि लाजून जीवही नाही.

आता प्रश्न विचारा. बायकांनी आधी.