कानासाठी लिहिलेला ग्रंथ

निवेदनाची संहिता लिहिणारा आज वाक्य मोठ्याने म्हणून पाहतो, दम कुठे लागतो ते हेरतो. प्रवरेकाठच्या नेवाशात ही कसोटी सातशे वर्षांपूर्वीच लागली होती.

शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०. ज्ञानेश्वरांनी तिथे गीतेवर निरूपण केलं आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतलं, असं ज्ञानेश्वरीचा शेवटच सांगतो. सुमारे नऊ हजार ओव्यांचा हा मजकूर आधी कानावर पडला, मग कागदावर उतरला. घडणही तशीच. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा. बोलणाऱ्याला तिथे आपसूक विसावा मिळतो. समोर श्रोते आहेत, हे वक्ता विसरत नाही. त्यांना लक्ष द्यायला विनवतो, विषय लांबला तर क्षमाही मागतो. (आजच्या किती निवेदकांना हे सुचेल?)

तोंडोतोंडी आणि हातोहात फिरलेल्या मजकुरात पाठभेद शिरणारच. १५८४ मध्ये पैठणच्या एकनाथांनी प्रती ताडून पाहून पाठ शुद्ध केला आणि यात कोणी स्वतःची ओवी घुसडू नये, अशी तंबी शेवटी जोडली. वाचन मात्र थांबलं नाही. गावोगावच्या सप्ताहांत ज्ञानेश्वरीचं पारायण आजही मोठ्याने होतं.