स्वस्त भाड्याची किंमत

बाजारात विक्रेते मोजकेच असले आणि त्यांतल्या एकाने दर एकाएकी उतरवला, तर गिऱ्हाईक सुखावते. तो दर उद्याही राहील का, हे मात्र आपण क्वचितच विचारतो. आपल्या मुंबईचाच इतिहास पाहू.

मुंबईच्या गिरण्यांचे सूत चीनला जाई. त्या मार्गावर पी. अँड ओ. आणि तिच्या जोडीदार कंपन्यांचा अंमल होता. टनाला १९ रुपये भाडे पडे. १८९३ साली जमशेटजी टाटांनी निप्पॉन युसेन कायशा या जपानी कंपनीशी संगनमत करून आगबोटी सुरू केल्या व १२ रुपये दर ठेवला. पी. अँड ओ.ने तो दोन रुपयांच्याही खाली नेला. शिवाय टाटांच्या बोटींकडे न फिरकणाऱ्या व्यापाऱ्यांना सूट देऊ केली. इतर मार्गांच्या मिळकतीवर तिला हा तोटा सोसवत होता. आमचे व्यापारी सुटीला भुलले आणि टाटांच्या बोटी बंद पडल्या.

जपानी कंपनी मात्र तगली. जपानच्या गिरणीवाल्यांनी तिच्याच बोटींतून कापूस नेण्याचा करार केला होता. १८९६ साली पी. अँड ओ.ला तिच्याशी तडजोड करावी लागली.

दर दोघींसाठी सारखेच कोसळले होते. एकीचे गिऱ्हाईक टिकले, दुसरीचे फुटले. निकाल तिथे लागला.