कोळ्यांचा खुंट आणि चिखलाचे बळ

उत्तर कोकणच्या किनाऱ्यावरील कोळी डोल जाळे लावतात, तेव्हा ते समुद्रतळाच्या चिखलात रोवलेल्या खुंटांना बांधतात. भरती-ओहोटीचा ओघ जाळ्यात शिरतो, जाळे ताणले जाते आणि सारी ओढ आडवी होऊन खुंटावर येते. खुंट ढळला तर बोंबील जातातच, शिवाय जाळेही जाते. मऊ मातीतला खांब आडव्या जोरापुढे कशाच्या बळावर उभा राहतो, हा प्रश्न कोळ्यांनी अनुभवाने सोडविला. स्थापत्यशास्त्राला त्याचे गणित विसाव्या शतकात मांडता आले.

उभ्या भाराचे उत्तर त्या मानाने सोपे आहे. खांब खडकापर्यंत नेला की भार खडकावर जातो. आडव्या जोराचे तसे नाही. खांबाचे टोक कितीही खोल पोचलेले असो, जोराचा पहिला आघात वरच्या थरालाच सोसावा लागतो. आणि खाडीकाठी बहुधा हाच थर सर्वांत मऊ असतो.

१९२५ साली कार्ल टेर्झागी यांचा मृदायामिकीवरील जर्मन ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि मातीच्या बळाला मोजमापाची शिस्त लागली. १९६४ साली स्वीडनचे बेंग्ट ब्रॉम्स यांनी चिकणमातीतील खांबांसाठी एक सुटसुटीत रीत दिली. खांबाच्या व्यासाच्या दीडपट खोलीपर्यंत मातीचा आधार मुळी धरूच नये. त्याखाली मात्र मातीच्या कर्तनबलाच्या नऊपट विरोध धरावा, असा तिचा आशय होता.

अमेरिकेतील हडसन मॅटलॉक यांनी ऑस्टिन सरोवरात व सबाइन येथे पोलादी नळखांब मऊ चिकणमातीत रोवून प्रत्यक्ष ओढून पाहिले. १९७० साली त्यांनी मांडलेल्या निष्कर्षांप्रमाणे पृष्ठभागाशी हा विरोध कर्तनबलाच्या केवळ तिप्पट असतो, कारण तेथे खांबापुढची माती वर उचलली जाते. खोलवर तिला वर येण्यास वाव नसतो. खांबाला वळसा घालूनच तिला सरकावे लागते, म्हणून तो नऊपटीपर्यंत वाढतो. शिवाय लाटांप्रमाणे जोर वारंवार आला, की माती मळली जाऊन हा विरोध आणखी घटतो.

भारताला या ज्ञानाची निकड लवकरच भासली. १९७४ साली 'सागर सम्राट'ने मुंबई हाय येथे तेल शोधले आणि १९७६ साली उत्पादन सुरू झाले. तेथील मंच पोलादी खांबांनी समुद्रतळाशी जखडलेले असून, पावसाळ्यातील लाटा त्यांना दिवसरात्र आडव्या लोटतात. १९८९ साली न्हावा-शेवा येथे नवे बंदर सुरू झाले, तेही सागरी चिकणमातीच्या प्रदेशात. धक्क्याला लागणारे जहाज आपला रेटा आडवाच देते.

अशा ठिकाणी चिखलाचे बळ वाजवीपेक्षा अधिक धरले, तर मंच वा धक्का कलतो आणि त्यावरील माणसांचे प्राण धोक्यात येतात. म्हणूनच अभियंत्याला खालच्या खडकाइतकीच वरच्या चिखलाचीही परीक्षा करावी लागते. खुंट रोवणाऱ्या कोळ्याला ती कधीच चुकलेली नव्हती.