गच्चीवरची तार आणि माळ्यावरचा ट्रान्समीटर

आपल्या सोसायटीत अगदी सुरुवातीपासून राहणाऱ्यांना गच्चीवरची ती तांब्याची तार आठवत असेल. पाण्याच्या टाकीपासून निघून लिफ्टरूमच्या कोपऱ्यापर्यंत गेलेली. मुलांना वाटायचं, कुणाची तरी कपडे वाळत घालायची दोरी आहे. ती होती सी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची एरियल. काका हॅम होते, म्हणजे परवाना घेऊन हौसेने बिनतारी संदेश पाठवणारे. स्मरणिकेसाठी लिहा, असं सेक्रेटरींनी सांगितल्यावर पंचवीस वर्षांतल्या गणेशोत्सवांबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, आपण त्या तारेबद्दल लिहावं असं ठरवलं. त्याला एक कारणही आहे. ते ओघात येईलच.

गेल्या वर्षी काकू मुलीकडे नाशिकला राहायला निघाल्या. घर आवरताना माळ्यावरून एक लोखंडी पेटी निघाली. दोघांनी धरली तरी कंबर धरेल इतकी जड. भंगारवाला किलोचा भाव सांगून मोकळा झाला होता. काकूंनी मला हाक मारली, "भाऊजी, तुम्ही कारखान्यात इलेक्ट्रिकलमध्ये होतात ना? विकण्याआधी एकदा बघून घ्या. यांनी स्वतःच्या हाताने केलेला आहे हो." झाकण काढलं. आत धुळीचा थर, एक भला मोठा ट्रान्सफॉर्मर, आणि मधोमध डोक्यावर धातूची टोपी असलेला काचेचा व्हॉल्व्ह. पेटीसोबत कापडी पुठ्ठ्याच्या सात वह्या होत्या. पहिल्या वहीतली पहिली नोंद १९६७ ची, गिरगावातल्या चाळीतली.

थोडा इतिहास सांगतो, म्हणजे पेटीचं मोल कळेल. व्हॉल्व्हची गोष्ट सुरू होते इंग्लंडमध्ये १९०४ साली. जॉन अ‍ॅम्ब्रोज फ्लेमिंग यांनी विजेच्या दिव्यासारख्या निर्वात काचेत दोन टोकं बसवून प्रवाह एकाच दिशेने वाहता केला. नळाचा व्हॉल्व्ह पाणी एकाच बाजूला सोडतो, तसंच हे, म्हणून नाव व्हॉल्व्ह. दोन वर्षांनी अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी मध्ये तिसरी जाळी घातली. त्या जाळीवरच्या बारीकशा इशाऱ्याने मोठा प्रवाह कमी-जास्त करता येऊ लागला. पुढची चाळीस-पन्नास वर्षं रेडिओ, टेलिफोन, रडार या सगळ्यांची भिस्त या तापणाऱ्या काचांवर होती. १९४७ साली ट्रान्झिस्टर आला आणि हळूहळू त्यांची सद्दी संपली.

काकांच्या पेटीतला व्हॉल्व्ह होता ८०७. अमेरिकेत १९३० च्या दशकात निघालेला. दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या यंत्रांसाठी तो अमाप बनला, आणि युद्ध संपल्यावर तोच माल डिस्पोजलमध्ये स्वस्तात बाजारात आला. जगभरच्या हॅम मंडळींनी त्याच्यावर उड्या मारल्या. आपल्याकडे चोरबाजार आणि लॅमिंग्टन रोड ही त्यांची पंढरी. परदेशी तयार सेट मध्यमवर्गीय माणसाच्या आवाक्याबाहेरचा. मग अॅल्युमिनियमचा पत्रा वाकवून चासी करायची, कॉइल घरीच गुंडाळायची, आणि महिन्याच्या पगारातून एकेक भाग जमवत जायचं. काकांनी वहीत मागच्या पानावर हिशेब लिहिला आहे. एका पेटीला दीड वर्ष लागलं होतं.

नुसती यंत्राची जुळणी पुरत नसे. सरकारी परीक्षा द्यावी लागे, त्यात मोर्सची कट्टकड ऐकून लिहिणं आणि पाठवणं आलं. परवाना मिळाला की व्हीयूने सुरू होणारं स्वतःचं नाव मिळे, त्याला कॉलसाइन म्हणतात. आणि प्रत्येक संभाषणाची तारीख, वेळ, लहर वहीत नोंदवणं बंधनकारक. त्या वहीला लॉग म्हणतात. काकांच्या सात वह्या म्हणजे हा लॉग.

इथे आपल्या मुंबईचा एक धागा आहे. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच इंग्रज सरकारने हॅम मंडळींचे परवाने रद्द केले आणि ट्रान्समीटर जमा करायला लावले. ८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँकवर 'चले जाव'चा ठराव झाला, पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी झाली. तेव्हा २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. यंत्राची बाजू सांभाळायला युद्धाआधीचे हौशी बिनतारीवाले नरिमन प्रिंटर होते. पोलिसांच्या दिशाशोधक गाड्या मागावर असत, म्हणून बिऱ्हाड सतत हलवावं लागे. चौपाटी, लॅबर्नम रोड, गिरगाव, महालक्ष्मी. जेमतेम तीन महिने हे केंद्र चाललं. १२ नोव्हेंबर १९४२ ला छापा पडला, आणि उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली.

हे केंद्र ४२.३४ मीटरवर लागत असे. मी सहज कागदावर भागाकार केला. म्हणजे साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ. काकांच्या पेटीतल्या स्फटिकावर आकडा होता ७.०५. गिरगावातल्या चाळीत बसून काका ज्या पट्ट्यात बोलत होते, त्याच पट्ट्यात, अगदी शेजारच्या घरात म्हणावं तसं, पंचवीस वर्षांपूर्वी काँग्रेस रेडिओ बोलून गेला होता. हे काकांना ठाऊक असणारच. आम्हाला त्यांनी कधी सांगितलं नाही, कारण आम्ही कधी विचारलंच नाही.

आता दुरुस्तीकडे वळतो. बिनतारी ट्रान्समीटर नुसता बाळगायलाही परवाना लागतो, १९३३ च्या कायद्यापासून हा दंडक आहे. माझ्याकडे परवाना नाही. म्हणून वहीत वारंवार येणाऱ्या काकांच्या एका मित्राचा शोध घेतला. वय ८१, दादरला राहतात, परवाना चालू आहे. आम्ही त्यांना गुरुजीच म्हणू लागलो. पेटी रीतसर त्यांच्याकडे गेली आणि दर शनिवारी मी त्यांच्या टेबलाशी शिकाऊ उमेदवार म्हणून बसू लागलो.

पहिला धडा असा की, जुना सेट मिळाला की प्लग खोचून 'चालतो का बघू' करायचं नाही. चालणारा सेट त्या एका हौसेपायी जळतो. या पेटीत ६०० व्होल्ट तयार होतात, आणि स्विच बंद केल्यावरही मोठे कंडेन्सर वीज धरून बसतात. आधी ते रेझिस्टरमधून रिकामे करायचे, मगच आत हात घालायचा. आणि चालू सेटवर काम करताना एक हात खिशात ठेवायचा, म्हणजे शॉक बसलाच तर तो एका हातातून दुसऱ्या हातात छातीवरून जात नाही. चाळीस वर्षं नोकरी करून मी हा नियम गुरुजींकडून शिकलो.

धूळ काढली. रबराच्या वेष्टनाच्या वायरी बोट लावताच बिस्किटासारख्या चुरल्या, त्या सगळ्या बदलल्या. ट्रान्सफॉर्मर मेगरने तपासला, तो ठणठणीत निघाला. फिल्टरचे कंडेन्सर आतून सुकलेले, ते नवे घातले. कागदी कंडेन्सर बाहेरून चांगले दिसतात पण आतून गळतात. ती गळती व्हॉल्व्हच्या जाळीवर पोचली तर व्हॉल्व्ह लालभडक होऊन मरतो. तेही बदलले. ४७ हजार ओहमचा रेझिस्टर मोजला तर ८० हजारांच्या पुढे गेलेला. माणसासारखंच, वय झालं की विरोध वाढतो, असं गुरुजी म्हणाले. बदललेले जुने भाग आम्ही टाकले नाहीत, एका डब्यात चिठ्ठ्या लावून ठेवले आहेत.

८०७ मात्र मूळचाच राहिला. काचेच्या आतल्या चंदेरी डागावरून व्हॉल्व्हची तब्येत कळते. हवा शिरली असेल तर तो डाग पांढरा पडतो. आमचा चकचकीत होता.

मग १०० वॅटचा दिवा सिरीजमध्ये लावून हळूहळू वीज दिली. व्हॉल्व्ह तांबूस उजळले, पण लहर निघेना. दोन शनिवार त्यात गेले. अखेर गुरुजींनी स्फटिकाची डबी उघडली. आतली क्वार्ट्झची चकती नखाएवढी, तिच्यावर इतक्या वर्षांचं किटण. स्पिरिटने पुसून परत बसवली, आणि मीटरचा काटा हलला. एरियलच्या जागी ४० वॅटचा साधा दिवा जोडला. गुरुजींनी मोर्सची कळ दाबली आणि कंडेन्सरची खुंटी फिरवली. प्लेट करंटचा काटा खाली झुकला, आणि त्याच क्षणी दिवा लख्ख पेटला. ६०० व्होल्ट, १०० मिलिअँपिअर, म्हणजे आत ६० वॅट, त्यातले चाळीसेक बाहेर. काकांनी १९६७ मध्ये वहीत लिहिलेला हिशेब तंतोतंत जुळला.

त्या काळात मी वह्या वाचत होतो. ऑक्टोबर १९९३ ची पानं दाट अक्षरात भरली आहेत. किल्लारी, सास्तूर, औसा, उमरगा. भूकंपानंतर टेलिफोन बंद पडलेले, आणि हॅम मंडळी निरोप पोचवत होती. 'मुलगा सुखरूप', 'रक्त हवे', अशा ओळी. काकांनी सलग चार रात्री जागून काढल्या होत्या, त्यांचं नाव कुठेही छापून आलं नाही.

आणि आता ते कारण सांगतो. आपली सोसायटी नवीन असताना टीव्हीवर पट्टे येतात, मालिकांच्या वेळी खरखर होते, अशा तक्रारी आल्या. कमिटीने काकांना तार काढायची नोटीस दिली. तिच्यावर कमिटी सदस्य म्हणून माझीही सही आहे. काका वाद घालत बसले नाहीत. दुसऱ्याच रविवारी त्यांनी तार उतरवली, गुंडाळून खाली आणली, आणि त्यानंतर पेटी माळ्यावर गेली.

सोसायटीच्या फाइलमध्ये त्या तक्रारींच्या पाच तारखा आणि वेळा आहेत. मी त्या लॉगशी ताडून पाहिल्या. पाचपैकी एकाही वेळी काका हवेवर नव्हते. उलट इथे राहायला आल्यापासून त्यांनी पहिल्याच पानावर लिहून ठेवलं होतं, 'शेजाऱ्यांना त्रास नको. रात्री ७ ते ११ सेट बंद.' पट्टे कशामुळे येत होते, ते आता सांगता येणार नाही. आम्ही तेव्हा तपासलंच नाही. वही मागितली असती तर दोन मिनिटांचं काम होतं.

हॅमच्या भाषेत गेलेल्या माणसाला 'सायलेंट की' म्हणतात, म्हणजे शांत झालेली कळ. त्याची कॉलसाइन दुसऱ्याने वापरायची नसते. म्हणून एका रविवारी सकाळी गुरुजींनी स्वतःच्या कॉलसाइनने हाक दिली, पण काकांच्या पेटीवरून आणि काकांच्या कळीवरून. काकू नाशिकहून मुद्दाम आल्या होत्या. तिसऱ्या हाकेला कोल्हापूरहून उत्तर आलं. आवाज चांगला आहे, पण सुरात जरा चिमणीसारखी चिवचिव आहे, सेट जुना दिसतो, असं त्यांनी कळवलं. गुरुजींनी ते मराठीत सांगितल्यावर काकू हसल्या. "जुनाच आहे तो," म्हणाल्या.

पेटी गुरुजींच्या देखरेखीखाली रौप्यमहोत्सवाच्या दिवशी सभागृहात ठेवणार आहोत, दिवा पेटवून दाखवू. मुलांनी जरूर यावं, फक्त हात लावू नये. आणि कमिटीला माझी एक विनंती आहे. ती जुनी नोटीस फाइलमधून काढून टाकू नका. तिच्या मागे लॉगच्या त्या पाच दिवसांच्या पानांची झेरॉक्स टाचून ठेवा. झेरॉक्स मी आणून देतो.