मानसोल्लासातील मत्स्यविनोद आणि मांजरा खोऱ्यातील गळाची मासेमारी : दोरा व आमिष यांच्या निवडीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

मराठी साहित्याच्या अभ्यासकांना ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ प्रामुख्याने ओवीच्या उल्लेखासाठी परिचित आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आढळते. खाद्यसंस्कृतीचे अभ्यासक त्यातील पाककृतींचा आधार घेतात. याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हे एक प्रकरण असून मासे ओळखणे, त्यांना खाद्य देणे व गळाने पकडणे यांचे विवेचन त्यात केलेले आहे. या प्रकरणाची चर्चा मात्र तुलनेने कमी झाली आहे. परिणामी छंद म्हणून गळाने मासेमारी करणे ही इंग्रज अधिकाऱ्यांनी आणलेली गोष्ट होय, असा समज रूढ झाला. हा समज कितपत ग्राह्य आहे, याचा विचार रेणापूर परिसर व मांजरा खोरे यांच्या संदर्भात प्रस्तुत निबंधात केला आहे.

उद्दिष्टे :

१) मत्स्यविनोदातील आमिषविषयक विचार समजून घेणे.
२) युरोपातील ट्राऊट मासेमारीच्या परंपरेशी त्याची तुलना करणे.
३) स्थानिक मासेमारांच्या ज्ञानाचे इतिहासातील स्थान तपासणे.

मानसोल्लास व मांजरा खोरे :

मानसोल्लासाचा कर्ता कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा हा होय. त्याची कारकीर्द इ. स. ११२६ ते ११३८ अशी मानली जाते. ग्रंथरचना इ. स. ११२९ च्या सुमारास झाली. त्याची राजधानी कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण असून ते लातूरला लागून असलेल्या बिदर जिल्ह्यात आहे. लातूरच्या पापविनाशक मंदिरातील शिलालेख याच राजाच्या काळातील आहे. रेणापूरजवळून वाहणारी रेणा ही मांजरेची उपनदी, तर मांजरा पुढे गोदावरीस मिळते. म्हणजेच ज्या राज्यात हा ग्रंथ लिहिला गेला, त्या राज्यातीलच हा मुलूख होता. मत्स्यविनोद रेणेच्या काठावर लिहिला गेला असे म्हणता येणार नाही; परंतु तो या प्रदेशाला परका नाही, हे निश्चित.

मत्स्यविनोदातील विचार :

ग्रंथाची पाच भागांत विभागणी असून प्रत्येक भागात वीस अध्याय आहेत. राजाच्या करमणुकीच्या प्रकारांत मत्स्यविनोदाचा समावेश होतो. हा भाग बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत गो. के. श्रीगोंदेकर यांच्या संपादनाखाली १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्राणिशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर स्वतंत्र लेख लिहून त्याचे महत्त्व दाखवून दिले. त्यात सुमारे ३५ प्रकारच्या माशांची माहिती आहे. समुद्रातील व गोड्या पाण्यातील, खवल्यांचे व बिनखवल्यांचे, मोठे व लहान असे भेद त्यात केले आहेत. कोणत्या माशाला पिठाचे वा तिळाचे गोळे द्यावेत आणि कोणत्याला मांस, हेही सांगितले आहे.

येथे एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. माशांचे वर्गीकरण व खाद्याची निवड या दोन्ही गोष्टी ग्रंथकाराने एकत्र मांडल्या आहेत. आमिष मासेमाराच्या आवडीवर नव्हे, तर माशाच्या आहारावर ठरते, हे सूत्र त्यामागे दिसते. मांजरेतील नेहमीचे उदाहरण घेतल्यास मरळ हा खवल्यांचा मासा असूनही शिकारी आहे. तो पिठाच्या गोळीपेक्षा लहान मासा वा बेडूक यांकडे धावतो. रोहूसारखा मासा पिठाच्या गोळीस लागतो. म्हणजे केवळ बाह्य रूप पाहून आमिष ठरविता येत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष निरीक्षण आवश्यक ठरते.

युरोपातील समांतर परंपरा :

इंग्लंडमध्ये गळाच्या मासेमारीवरील पहिला छापील निबंध इ. स. १४९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोरा घोड्याच्या शेपटीच्या केसांचा सांगितला असून केसांची संख्या माशानुसार ठरविली आहे. अगदी लहान माशासाठी एक केस, ट्राऊटसाठी नऊ, मोठ्या ट्राऊटसाठी बारा आणि सॅमनसाठी पंधरा, असा तो हिशेब आहे. शिवाय पिसे व लोकर वापरून बनवावयाच्या बारा कृत्रिम माश्यांची माहितीही त्यात दिली आहे.

या कृत्रिम माश्या प्रामुख्याने पाण्यावरील कीटकांची नक्कल करीत. पुढे अमेरिकेत लांब पिसांची ‘स्ट्रीमर’ ही जात विकसित झाली. ती कीटकाची नव्हे, तर पळणाऱ्या लहान माशाची नक्कल करते. मेन राज्यातील कॅरी स्टीव्हन्स यांनी १ जुलै १९२४ रोजी स्वतः बांधलेल्या अशा माशीवर सहा पौंड तेरा औंसांचा ट्राऊट पकडला आणि हा प्रकार प्रसिद्धीस आला. या पद्धतीत माशी वजनाने नगण्य असते. फेक साधते ती दोऱ्याच्या वजनामुळे. त्यामुळे उथळ पाण्यात तरंगणारा, तर खोल वा वेगवान पाण्यात बुडणारा दोरा निवडावा लागतो. मोठा ट्राऊट लहान मासे खातो म्हणून स्ट्रीमर, आणि मरळ लहान मासे खातो म्हणून जिवंत मासळी. साधने भिन्न असली तरी तर्क एकच आहे.

इंग्रज काळ व दख्खन :

हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातील अधिकाऱ्याने १८७३ मध्ये भारतातील गळाच्या मासेमारीवर पुस्तक लिहिले. थंड पाण्यात राहणारा ट्राऊट निलगिरी व काश्मीर येथे रुजविण्यात आला. मराठवाड्याच्या उष्ण नद्यांत तो तगणे शक्य नव्हते. दख्खनमध्ये इंग्रजांचे लक्ष प्रामुख्याने महसीरकडे होते. कर्नल साईक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळील मुळा-मुठेतील महसीरचे वर्णन करताना त्यास ‘खुद्री’ हे स्थानिक नाव दिले. ‘कोलस’, ‘नुक्ता’ ही दख्खनी नावेही त्यांच्यामुळेच शास्त्रीय नामावलीत गेली. साईक्स यांचे नाव ग्रंथांत राहिले. मात्र ज्यांच्या तोंडून ही नावे आली, त्या मासेमारांची नोंद इतिहासाने ठेवली नाही. कल्याणीच्या दरबारातील ज्ञानही मूलतः नदीकाठच्या अशाच लोकांकडून आले असावे, असे अनुमान करण्यास वाव आहे.

रेणा-मांजरेतील बदल :

स्वातंत्र्योत्तर काळात मांजरेवर धनेगाव येथे व रेणेवर भंडारवाडी येथे धरणे झाली. पाणी साठले, शेती व पिण्याच्या पाण्याची सोय झाली, हे मान्यच करावे लागेल. तथापि, वाहती नदी जलाशयात रूपांतरित झाल्याने मासेमारीचे स्वरूपही बदलले. तलावात रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडणे व ते जाळ्याने काढणे ही पद्धत रूढ झाली. जेथे कोणता मासा आहे हे आधीच ठाऊक असते, तेथे आमिष निवडण्याचे कौशल्य मागे पडते. २०१६ च्या दुष्काळात मांजरा प्रकल्प कोरडा पडला आणि एप्रिल महिन्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. नदीच आटली की डोहात टिकून राहणारे मासे जातात आणि त्यांच्याविषयीचे ज्ञानही जाते.

निष्कर्ष :

१) गळाची मासेमारी हा केवळ वसाहतकालीन छंद नसून इंग्लंडमधील छापील निबंधाच्या साडेतीन शतके आधी दख्खनमध्ये तिचे लेखन झाले होते.
२) दोरा व आमिष यांची निवड माशाचा आहार, आकार व पाण्याचे स्वरूप यांवर अवलंबून असते, हे तत्त्व दोन्ही परंपरांत स्वतंत्रपणे आढळते.
३) हे ज्ञान राजाच्या ग्रंथात टिकले, मात्र ते नदीवर जगविणारे भोई व अन्य मासेमार इतिहासलेखनाच्या बाहेर राहिले.

मराठवाड्यातील महाविद्यालयांनी रेणा, मांजरा व तेरणा काठच्या वृद्ध मासेमारांकडून माशांची नावे, त्यांची आमिषे व डोहांच्या आठवणी नोंदवून घेणे आवश्यक आहे. मत्स्यविनोदाचे वाचन पोथीपुरते न ठेवता नदीकाठापर्यंत नेले, तरच या वारशाचे खरे मूल्यमापन होऊ शकेल.